एका टाचणीवरचं जोडपं

चिमटी हातची नोकरी घालवणार, ही भीती सोमवारपासून आईच्या मानगुटीवर बसली होती आणि काही केल्या उतरायला तयार नव्हती. भांडी घासताना ती होती, बँकेच्या रांगेत होती, बाबा मोठ्याने बातम्या ऐकत बसायचे तेव्हाही होती. बरं, पोरगी नोकरी घालवणार ती कशापायी? चोरी नाही, आळस नाही, कुणाशी मारामारी नाही. एका माशीपायी. तीसुद्धा मेलेल्या, वाळलेल्या, टाचणीला टोचून पेटीत ठेवलेल्या माशीपायी.

चिमटी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. चार वर्षांची असताना तिने आईच्या कपाटातला भुवया कोरायचा चिमटा पळवला आणि त्यानंतर घरात हाताने म्हणून काही उचललं नाही. पावाचा चुरा चिमट्याने, मेलेली मुंगी चिमट्याने, बेसिनमधला बाबांच्या मिशीचा केसही चिमट्याने, आणि तो उजेडाकडे धरून निरखायचा वर. बाबांनी नाव ठेवलं ते चिकटलं. आता ती तिशीला टेकली, संग्रहालयात कीटक विभागात बसते, पण घरी अजून चिमटीच.

आईच्या आठवणीतली खरी चिमटी मात्र बटणांच्या बरण्यांमधली. आईकडे बटणांच्या तीन बरण्या होत्या: पांढरी, काळी आणि रंगीत. एका सुट्टीच्या दुपारी पोरीने तिन्ही बरण्या चादरीवर ओतल्या आणि सगळी बटणं नव्याने लावली. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे, आणि ज्यांना भोकं नसून मागे नुसती कडी असते ती तिसरीकडे.

"अगं कार्टे, रंगाप्रमाणे लावून ठेवली होती मी! आता शर्टाला पांढरं बटण शोधायचं कसं?"

"रंगाचं काय घेऊन बसलीस? हे लाल नि हे निळं एकाच साच्यातलं आहे. नुसते कपडे वेगळे घातलेत त्यांनी."

आईने त्या दिवशी दोन धपाटे दिले होते. पण संध्याकाळी बटणं परत रंगाप्रमाणे लावायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की लाल आणि निळं खरोखरच एका साच्यातलं होतं. शिवण्याटिपण्यात वर्षं गेली होती, आणि तिने ते कधी पाहिलंच नव्हतं.

पुढे त्याच पोरीला तेच काम पोटापाण्याला मिळालं, तेव्हा बाबा म्हणाले, "चला, बटणांना पगार सुरू झाला." संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर लांब खोली, भिंतीला लाकडी खण, प्रत्येक खणात काचेच्या झाकणाची पेटी आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. तो वास तिच्या केसांत, ओढणीत, डब्याच्या पिशवीतही यायचा. प्रत्येक किड्याच्या पाठीतून एक टाचणी आरपार, आणि टाचणीवर खाली नखाएवढी चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कुणाला. नाव नंतर. चिमटी म्हणायची, "आधी पत्ता, मग नाव. माणसांचं उलटं असतं, म्हणून माणसं हरवतात."

नावाचे नियम तिने आईला जेवताजेवता इतक्या वेळा सांगितले होते की आईलाही ते पाठ झाले होते. ज्याने पहिल्यांदा रीतसर वर्णन करून नाव दिलं, त्याचंच नाव चालायचं, मग तो राजा असो की कारकून. ज्या किड्यावरून ते नाव दिलं, तो किडा लाल चिठ्ठी लावून कायमचा जपायचा, साक्षीदार म्हणून. आणि कळलं की एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावं दिली आहेत, तर जुनं ठेवायचं नि नवं खाली उतरवायचं. पुसायचं मात्र नाही. जुन्या नावाखाली बारीक अक्षरात ते राहतं, देणाऱ्याच्या नावासकट.

हे सगळं आईला आवडायचंही. तिने स्वतः औषधशास्त्राची पदवी घेऊन मोठ्या रुग्णालयाच्या औषधांच्या काउंटरवर जन्म काढला होता. नाव आणि वस्तू यांचं नातं तिला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. पण सोमवारी सरांचा फोन आला आणि त्या नियमांकडे पाहायची तिची नजरच बदलली.

सर म्हणजे चिमटीचे विभागप्रमुख. कॉलेजात असल्यापासून तिला शिकवलेले, संग्रहालयात चिकटवून घेतलेले. एकदा घरी चहालाही येऊन गेलेले.

"नमस्कार ताई. तुमच्या मुलीला टाचणी कशी मारायची ते मी हात धरून शिकवलं."

"हो सर, ती नेहमी म्हणते."

"म्हणत असेल. पण आता तीच टाचणी मला टोचतेय."

मग सरांनी सांगितलं. संग्रहालयाची स्वतःची अशी एक माशी होती. गांधीलमाशीच्या गोतातली, काळी, पंखांची. सर तरुण असताना मागच्या टेकडीवर फुलांवर त्यांना ती सापडली होती आणि त्यांनी तिला संस्थापकांचं नाव दिलं होतं. त्याच वर्षी संस्थापकांनी इमारतीवर दुसरा मजला चढवला, आणि सरांची नोकरी पक्की झाली. तेव्हापासून ती माशी फाटकावर होती, कागदांवर होती, कपांवर होती. येत्या शुक्रवारी नव्या दालनाचं उद्घाटन होतं. संस्थापकांची नात फीत कापणार होती. मधल्या काचेच्या पेटीत ती माशी, नावासकट. आणि ऐन वेळी चिमटी म्हणत होती की ती माशी वेगळी नाहीच. जमिनीवर चालणारी, बिनपंखांची, लाल मखमली अंगाची एक माशी असते, जिला लोक मुंगी समजतात. ती बायको. आणि संस्थापकांची माशी म्हणजे तिचा नवरा. बायकोला नाव शंभरेक वर्षं आधी कुणीतरी दूरदेशी देऊन ठेवलं होतं, तेव्हा नवऱ्यालाही तेच लावायचं.

"मी तिला खोटं बोलायला सांगतोय का, ताई? मी फक्त म्हणतो, तू पकडलेलं ते जोडपं एका टाचणीवर आहे ते सोडव. नर एका टाचणीवर घे, मादी दुसरीवर. ज्याचा तो खण. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. त्यानंतर काय दिवे लावायचे ते लाव म्हणावं."

"आणि नाही सोडवलं तर?"

सर म्हणाले, "तिला कायम करायची शिफारस मलाच लिहायची आहे. तुम्ही समजावा तिला. तुमचं ऐकेल. मला बुधवारी संध्याकाळी कळवा."

"बघते," आई म्हणाली. 

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला.

"सरांचा फोन आला होता."

"वाटलंच मला." चिमटीने घास खाली ठेवला. "मी ऐकेना म्हणून माझ्या आईला गाठलं. शाळेत वही विसरली की बाईसुद्धा हेच करायच्या."

"सोडव ना गं ती टाचणी. तुझ्या काय बापाचं जातंय?"

"माझं काही जात नाही," बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. चिमटे, तीन वर्षं करारावर काढलीस. कायम होशील आता. हातातोंडाशी आलेला घास आहे."

"आई, नर नि मादी जुगताना एकत्र पकडले की एकाच टाचणीवर लावतात. वर नर, खाली मादी, दोघांत एक चिठ्ठी. जगभर हीच रीत आहे. उद्या मी मेले तरी जो कुणी ती पेटी उघडेल त्याला कळेल, की ह्या बाईने अंदाज बांधला नाही, ही दोघं अशीच सापडली. टाचणी सोडवली की राहिलं काय? एक काळा किडा आणि एक लाल किडा."

"मग चिठ्ठीवर लिही. एकत्र सापडली म्हणून."

"चिठ्ठी बदलता येते. तेही सुचवलंय सरांनी."

आई चिडली. "अगं पण दोन नावं राहिली तर कुणाचं काय बिघडतं? ती माशी येणार आहे का तक्रार करायला?"

"नाही येणार," चिमटी उठत म्हणाली. "म्हणून तर मला बोलावं लागतंय."

दार लागलं. बाबांनी तिच्या ताटातला उरलेला बटाटा आपल्या ताटात घेतला. "कुणावर गेलीय कोण जाणे," ते म्हणाले आणि आईकडे मुद्दाम बघत राहिले.

मंगळवार अबोल्यात गेला. बुधवारी दुपारी आईने चिमटीचा स्वेटर पिशवीत घातला आणि ती संग्रहालयात निघाली. तिथे वर गारठा असतो, हे निमित्त. खरं तर तिला एकदा, पोरगी मान खाली घालून काम करत असताना, समोर बसून सांगायचं होतं. आपण आईपणाने सांगितलं तर ती ऐकेल, असं तिला वाटत होतं.

फाटकातच माशी भेटली. लोखंडी, पंख पसरलेली. पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाकडे?" आईने सांगितल्यावर तो हसला. "माशीवाल्या ताईंकडे होय! जा. खाली रंग ओला आहे, भिंतीला हात लावू नका."

नव्या दालनात सुतार शिडीवर चढले होते. छताला बैलाएवढी काळी माशी टांगलेली होती आणि एक माणूस तिच्या पायांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसत होता. खाली मधोमध काचेची रिकामी पेटी. पेटीशेजारी पितळी पाटी, वर संस्थापकांचं नाव, अक्षरं बोटाएवढी जाड. आई तिथेच थांबली. एवढं सगळं उभं होतं, पक्क्या खिळ्यांनी ठोकलेलं, आणि त्याच्या विरुद्ध तिची पोर. हातात चिमटा घेऊन.

वरच्या खोलीत चिमटी सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. आईला पाहून ती दचकली नाही, फक्त स्टूल सरकवलं. "सरांनी पाठवलं?"

"स्वेटर आणलाय."

"बाहेर घाम फुटतोय, आई."

"इथे फुटत नाही ना? घाल." आई बसली. "दाखव तरी मला. कोण आहेत ही दोघं, ज्यांच्यासाठी तू आमचा जीव खातेस."

चिमटीने बाजूला होऊन जागा दिली. आईने चष्मा काढून डोळा लावला. आधी नुसता धूसर उजेड दिसला. मग चिमटीने बाजूचं चाक फिरवलं आणि एकदम ती समोर आली. खालची लाल, दाट लव असलेली, पाठीवर पांढरा ठिपका, मखमलीच्या तुकड्यातून कापून काढल्यासारखी. वरचा काळाकुट्ट, काटकुळा, पंख काजळी धरलेल्या काचेसारखे. एकच टाचणी दोघांच्या पाठीतून गेली होती.

"ह्या दोघांचं लग्न कोण मानेल गं?" आईच्या तोंडून निघून गेलं.

चिमटी हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा. "कुणी मानलं नाही म्हणून तर घोळ झाला. सरांचं तसं चुकलं नव्हतं, आई. ती जमिनीवर सापडते, तो फुलांवर. कपडे वेगळे, चाल वेगळी, पत्ता वेगळा. ह्या गोतात नवऱ्याला एक नाव नि बायकोला दुसरं, ही चूक भल्याभल्यांनी केलीय. मी तरी कुठे शोधायला गेले होते? टेकडीवर डबा खात बसले होते. समोरून हा उडत आला, आणि ही त्याच्या तोंडात. उचलून नेत होता तिला. मी पाव टाकला नि जाळी मारली."

"नुसतं उचलून नेत होता, एवढ्यावर?"

"म्हणून तर दोघांचा एकेक पाय प्रयोगशाळेत पाठवला. डीएनए जुळला. सरांनी तो कागद वाचला नि परत दिला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, टाचणी सोडव."

"आणि मग चालणार ते जुनं नाव कुठलं?"

चिमटी ओठ दाबत म्हणाली, "लंगडी."

"काय?"

"तसा अर्थ होतो त्याचा. ज्याने नाव दिलं त्याच्याकडे बोटीतून आलेल्या मादीचा एक पाय मोडलेला होता. त्याला वाटलं, ही अशीच असते. चुकीचं असलं तरी पहिलं आहे, म्हणून तेच लागणार."

आईने तोंडाला पदर लावला. खाली छताला बैलाएवढे संस्थापक टांगलेले, आणि त्यांची जागा घेणार लंगडी. दोघी मायलेकी हसल्या. हसून झाल्यावर खोली पुन्हा गार झाली.

"त्यात तुझं नाव कुठे लागणार?" आईने विचारलं.

"कुठेच नाही. जगातलं एक नाव कमी होणार, एवढंच."

"म्हणजे गेलं तर सगळं जाईल, आणि मिळणार काही नाही."

"हो."

"चिमटे, मी आई म्हणून सांगते. सोडव ती."

चिमटीने वाद घातला नाही. तिने खणातून एक झाकणाची डबी काढली. आत ओला कापूस होता. ती आईसमोर ठेवली. शेजारी चिमटा ठेवला, पातळ टोकाचा, पोलादी.

"ह्यात रात्रभर ठेवलं की किडा मऊ पडतो. मग नराला पंखांखालून धरून हळूच वर ओढायचं, पाय तुटू न देता. माझ्या हाताने होणार नाही. तुला पटत असेल तर डबीत तू ठेव. मी बाहेर जाऊन उभी राहते. सरांना सांगेन, झालं."

आणि ती खरंच बाहेर गेली.

आईने चिमटा उचलला. थंड होता. एक हात पुढे करायचा, टाचणी उचलायची, कापसावर टेकवायची. पोरीचा पगार, पोरीचं पुढचं सगळं आयुष्य, आणि आपली झोप. तिने पुन्हा डोळा लावला. लाल आणि काळा. एका साच्यातली. नुसते कपडे वेगळे.

आणि मग तिला काउंटर आठवला. जाळीच्या पलीकडे उभी राहिलेली ती म्हातारी, दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या हातात, भिंतीला धरून. रोज चक्कर येते म्हणत होती. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच औषध होतं, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, आणि ती बिचारी सकाळी हे नि सकाळीच ते घेत होती. आईने गोळ्यांची दुसरी पट्टी द्यायला साफ नकार दिला होता. मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. "मी लिहिलंय ते द्या." आई म्हणाली होती, "लिहिणारे तुम्ही आहात, देणारी मी आहे. हे दोन्ही एकच आहे. नाही देणार." त्याची शिक्षा म्हणून तिला मागच्या गोदामात खोकी मोजायला बसवलं होतं, पाहुण्यांसमोर सांगताना जिचा तिला आजही अभिमान वाटे अशी शिक्षा. ही गोष्ट ऐकत ऐकतच चिमटी मोठी झाली होती.

दोन नावं राहिली तर कुणाचं काय बिघडतं, हे आपण विचारलं. आपण!

तिने चिमटा खाली ठेवला. डबीचं झाकण लावलं आणि ती खणात होती तिथे सरकवली. बाहेर चिमटी खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिची मान ताठ होती, पण हाताची बोटं खिडकीच्या कडेवर एकसारखी वाजत होती.

"मला जमलं नाही," आई म्हणाली. "माझे हात कापतात हल्ली. स्वेटर घाल."

चिमटी वळली. तिने आईकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे. तिने स्वेटर डोक्यातून घातला, उलटा. आईने तो सरळ करायला लावला नाही.

घरी बाबा चहा करून बसले होते. आईने चप्पल काढता काढता सगळं सांगितलं, डबीसकट.

"मग? सोडवलीस?"

"नाही."

"उत्तम." बाबांनी कप पुढे केला. "मी सोमवारपासून विचार करतोय, ही खोड कुणाकडून आली. माझ्याकडून नक्की नाही. मी तर जन्मभर मूग गिळून बसलो नि सुखाने निवृत्त झालो."

"थट्टा करू नका हो. मला भीती वाटते. ते शिफारस लिहिणार नाहीत. शुक्रवारनंतर ती घरी बसेल. मग तिला कोण घेणार? हे लोक सगळे एकमेकांना ओळखतात."

"वाटू दे की भीती. गोदामात बसवलं तेव्हा वाटली नव्हती?"

"वाटली होती," आई म्हणाली. "रोज वाटायची."

बाबांनी बातम्या लावल्या नाहीत. बाहेर शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली. आईने चहा संपवला, कप विसळून उपडा घातला आणि पदराला हात पुसले. भीती होती तिथेच होती, मानगुटीवर. ती उतरणार नव्हती हे आता तिला कळलं होतं. तिला घेऊनच जे करायचं ते करावं लागणार होतं. नोकरी जायची असेल तर जाईल. पण ती घ्यायला सरांना स्वतः यावं लागेल, स्वतःच्या सहीने. पोरीच्या आईच्या हातून ती मिळणार नाही.

"फोन कुठे ठेवलात माझा?"

"चिमटीला करतेस?"

"तिला कशाला? तिचं ठरलेलं आहे." आईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला. "सरांनी बुधवारी संध्याकाळी कळवायला सांगितलंय. कळवते."

"काय सांगणार?"

"की मी तिला समजावणार नाही. आणि त्यांना मुलीची काळजी वाटत असेल, तर त्यांनी दोन वर्षं थांबू नये. शुक्रवारी त्यांनीच स्वतः सांगावं, की मी तरुणपणी चुकलो आणि माझ्या विद्यार्थिनीने ते शोधलं. नाव खाली उतरलं तरी पुसलं जात नाही, हे त्यांनीच शिकवलंय तिला."

"मान्य करतील?"

"नाही करणार." तिने नंबर लावला आणि फोन कानाशी धरला. "पण ऐकावं तरी लागेल."